रेवदंड्याचे खेकडे रावेरात: आतलं घड्याळ कुठल्या गावच्या वेळेवर चालतं?

केळीवाला

राम राम मंडळी. समुद्रापासून एवढ्या लांब बसून समुद्राचा धागा काढतोय, हसू नका.

माझी बहीण रेवदंड्याला दिलीय. भाऊबीजेला सहकुटुंब तिकडे गेलो होतो. षष्ठीला निघायच्या दिवशी, सकाळी साडेदहाच्या सुमारास, भाचा आणि माझी मुलगी खाडीच्या चिखलात उतरले आणि डबाभर खेकडे घेऊन आले. खायचे नव्हेत, नखाएवढे. नराची एक नांगी अंगापेक्षा मोठी, दुसरी अगदी बारीक, आणि ती मोठी नांगी ‘या या’ केल्यासारखी हलवतात. मुलगी हट्टाला पेटली. शेवटी बादलीत खाडीचा चिखल, वर ओलं गोणपाट आणि दोन कॅन खारं पाणी घेऊन आम्ही रात्रीच्या गाडीने रावेर गाठलं. बारा निघाले होते, अकरा पोचले.

बादली शेतातल्या खोलीत ठेवली. खिडकी नाही, पूर्वी तिथे ज्वारी भरायचो. या आठवड्यात आमच्या फीडरला रात्रीची लाइट आहे, त्यामुळे केळीला पाणी द्यायला मी रात्रभर तिथेच असतो. नवमीच्या रात्री एकच्या सुमारास बादलीत खुडखुड सुरू झाली. वाटलं उंदीर. टॉर्च मारला तर सगळे खेकडे चिखलावर आलेले. तासाभराने गप्प. दशमीला तीच खुडखुड पावणेदोन-दोनला. एकादशीला अडीचला, तेव्हा गावात भजन चालू होतं म्हणून वेळ पक्की लक्षात आहे.

रोज पाऊण तास उशीर. चंद्रही रोज साधारण तेवढाच उशिरा उगवतो, हे आम्हा रात्रीची बारी देणाऱ्यांना शाळेत न जाताही कळतं. म्हणजे यांना इथे, तापीच्या खोऱ्यात, अंधाऱ्या खोलीत, रेवदंड्याची भरती कळतेय का?

भरीतप्रेमी

अकरा खेकडे आणि तुम्ही धागा काढताय? रस्सा काढा.

केळीवाला

नखाएवढे आहेत म्हटलं ना. एका खेकड्यावर एक घास पण नाही.

अलिबागची लेक

केळीवाला भाऊ, माहेर अलिबाग, सासर जळगाव, म्हणून या धाग्यावर माझा हक्क दोन्हीकडून. एक दुरुस्ती. तुमचे खेकडे भरतीला नाही, सुकतीला, म्हणजे ओहोटीला, जागे होतायत.

आमच्याकडे जुनी माणसं भरतीची वेळ पाऊणकीने काढतात. तिथीला पाऊणने गुणायचं. चौथ असेल तर चार पाऊण तीन, म्हणजे तीनला पूर्ण भरती, दुपारी आणि साधारण पहाटेही. आता तुमची नवमी घ्या. नवा पाऊण पावणेसात. संध्याकाळी पावणेसातला भरती, त्यात सव्वासहा तास मिळवा, रात्री एकला पूर्ण ओहोटी. दशमीला साडेसात, म्हणून ओहोटी पावणेदोनला. एकादशीला सव्वाआठ, ओहोटी अडीचला. तुमच्या तिन्ही वेळा बसल्या. आणि षष्ठीला साडेचारला भरती, म्हणजे मुलांनी पकडले तेव्हा साडेदहाला भर सुकती होती. नसती तर ते बिळाबाहेर दिसलेच नसते.

या खेकड्यांचं पोट चिखलावर आहे. पाणी उतरलं की बाहेर यायचं, चिखल चिवडून त्यातलं बारीकसारीक खायचं, पाणी चढायला लागलं की बिळात शिरून तोंडाला चिखलाचं बूच मारायचं. लहानपणी बघत बसायचो आम्ही.

केळीवाला

ताई, हात जोडले. पाऊणकी आम्ही पण पाठ केली होती, पण ती समुद्राला लागू पडते हे कुणी सांगितलं नव्हतं. आम्हाला दुधाच्या हिशोबाला शिकवली.

धुळ्याचा गडी

भाऊ, भलतं भारी लिखं. आठे समुद्र नही शे, पन गप्पा समुद्राएवढ्या शेतस!

प्रयोगवही

केळीवाला भाऊ, मी धुळ्यात कॉलेजला प्राणिशास्त्र शिकवतो. तुमच्या बादलीत जे झालं त्यावर शंभरेक वर्षं माणसं भांडतायत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

समुद्राच्या दोन भरतींमध्ये साधारण 12 तास 25 मिनिटं जातात. चांद्र दिवस 24 तास 50 मिनिटांचा, त्यात दोन भरत्या. ताईंची पाऊणकी दर तिथीला 45 मिनिटं धरते, तोंडी हिशोबासाठी तेवढं पुरतं. आता प्रश्न असा, की किनाऱ्यावरचा प्राणी पाणी आलेलं ‘बघून’ वागतो, की पाणी येणार हे त्याला आधीच माहीत असतं? हे तपासायची रीत जुनी आहे. 1729 मध्ये द मेराँ नावाच्या फ्रेंच माणसाने लाजाळूसारखं पान मिटणारं झाड अंधारात ठेवलं. ऊन नसतानाही पानं दिवसा उघडत आणि रात्री मिटत राहिली. बाहेरची खूण काढून घेतली तरी लय चालू राहते का, एवढंच बघायचं. तुमच्या ज्वारीच्या खोलीने नकळत तेच केलं.

किनाऱ्यावरचा याचा गाजलेला नमुना म्हणजे फ्रान्सच्या ब्रिटनी किनाऱ्यावरचा एक हिरवा चपटा किडा. लांबी जेमतेम काही मिलिमीटर. अंगात शेवाळ पाळतो आणि त्याच्याच जिवावर जगतो. ओहोटीला हजारोंनी वाळूवर येऊन शेवाळाला ऊन दाखवतो, वाळू हिरवी दिसते. लाट परतायच्या आत खाली. प्रयोगशाळेत काचेच्या भांड्यात, जिथे ना लाट ना भरती, तिथेही तो काही दिवस वेळेवर वरखाली करत राहतो. हे विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच लोकांनी पाहून ठेवलंय.

मग ब्रिटनमधले अर्नेस्ट नेलर. 1958 पासून त्यांनी तिकडच्या हिरव्या किनारी खेकड्यावर काम केलं. तो तुमच्या खेकड्याच्या उलट, पाणी चढलं की फिरतो. स्थिर अंधारात ठेवला तरी साडेबारा तासांच्या आसपास त्याची हालचाल वाढायची, आणि काही दिवसांनी लय विरघळायची. सगळ्यात भारी प्रयोग 1967 चा, विल्यम्स आणि नेलर यांचा. त्यांनी अंड्यापासून प्रयोगशाळेतच वाढवलेले खेकडे घेतले, ज्यांनी जन्मात भरती पाहिली नव्हती. त्यांच्यात भरतीची लय दिसत नव्हती. मग त्यांना एकदाच काही तास कडक गारठ्यात ठेवलं. बाहेर काढल्यावर ते भरतीच्या तालात चालायला लागले. म्हणजे घड्याळ जन्मापासून आत होतं, बंद पडलेलं. गारठ्याने फक्त लंबक हलवला.

आपल्याकडचंही सांगतो, कारण ते फारसं कुणाला माहीत नसतं. एम. के. चंद्रशेखरन यांनी मद्रासच्या किनाऱ्यावरच्या, वाळूत मागच्या बाजूने शिरून बसणाऱ्या एमेरिटा एशियाटिका या छोट्या खेकड्यावर काम केलं. लाटा नसलेल्या भांड्यातही त्याची हालचाल आणि प्राणवायूचा वापर भरतीच्या आणि दिवसाच्या, दोन्ही लयींत वरखाली होत राहतो, हे त्यांनी 1965 मध्ये छापलं. मद्रासची भरती जेमतेम मीटरभर, आपल्या मुंबईसारखी चार-पाच मीटरची नाही. तरी खेकड्याला ती चुकत नाही. पुढे त्यांनी मदुराईला वटवाघळांच्या घड्याळांवर काम केलं आणि देशात हा विषय रुजवला.

भरीतप्रेमी

सर, माणसाच्या अंगात साठेक टक्के पाणी. मग आपल्यालाही भरती-ओहोटी येत असणार ना? आमच्या गल्लीतले एक काका पौर्णिमेला कुणाशीच बोलत नाहीत.

शंकासुर

काकांची पौर्णिमा काकूंना विचारा. पाण्याचा मुद्दा मात्र कायमचा पुरून टाकू. भरती चंद्र ‘पाणी ओढतो’ म्हणून येत नाही. चंद्राकडची बाजू आणि पलीकडची बाजू यांच्यावरच्या ओढीत जो फरक पडतो, त्याने येते. त्या फरकाला पृथ्वीएवढा देह लागतो. तुमच्या डोक्या-पायातला फरक मोजायला गेलात तर शून्यापुढे शून्य लिहून पेन संपेल. हतनूर धरण भरलेलं असतं तेव्हा काठावर जाऊन उभे राहा. चंद्रामुळे पाणी चढलंय असं दिसलं तर मला फोन करा.

आता मूळ धाग्यावर येतो. केळीवाला, तुमची गोष्ट गोड आहे, पुरावा मात्र नाही. तीन रात्री म्हणजे काय हो? मोटार चालू करायला तुम्ही उठणार, पाण्याची बारी बदलायला उठणार, आणि जागे असाल तेव्हाच खुडखुड ऐकणार. झोपला होतात तेव्हा खेकडे काय करत होते कोण सांगणार? शिवाय पहिल्या रात्री एकला ऐकलं की दुसऱ्या रात्री ‘आता पाऊण तासाने’ म्हणून कान टवकारणारच.

केळीवाला

शंकासुर भाऊ, बोचलं, पण पटलं. खरं सांगायचं तर दुसऱ्या रात्री मी पावणेदोनला मुद्दाम खोलीत गेलो होतो.

शंकासुर

हेच. तुम्ही एकटे नाहीत, मोठमोठे यात अडकलेत. प्रयोगवही सर, ब्राउनच्या कालवांची गोष्ट तुम्ही सांगा, मी चिडून सांगेन.

प्रयोगवही

सांगतो. आणि ती केळीवाला भाऊंच्या प्रश्नालाच भिडते, की घड्याळ कुठल्या गावच्या वेळेवर चालतं.

फ्रँक ब्राउन हा अमेरिकी शास्त्रज्ञ. 1954 मध्ये त्याने समुद्रकाठच्या न्यू हेवनहून कालवं, म्हणजे ऑयस्टर, मागवली आणि हजार किलोमीटरहून जास्त आत, इलिनॉयमधल्या एव्हन्स्टनला अंधाऱ्या खोलीत ठेवली. कालवं भरतीला शिंपला जास्त उघडतात. सुरुवातीला ती न्यू हेवनच्या भरतीला उघडत होती. दोनेक आठवड्यांनी, ब्राउनच्या म्हणण्याप्रमाणे, त्यांची वेळ सुमारे तीन तासांनी सरकली. नवी वेळ कुठली? एव्हन्स्टनला समुद्र असता तर तिथे जेव्हा भरती आली असती ती, म्हणजे चंद्र डोक्यावर असतानाची. ब्राउनने निष्कर्ष काढला की कालवांच्या आत घड्याळ नाही, ती चंद्राची एखादी सूक्ष्म खूण भिंतीतूनही ओळखतात.

गदारोळ झाला. बाकीचे म्हणत, घड्याळ आतच आहे, फक्त पुढेमागे सरकतं. ब्राउन अखेरपर्यंत मागे हटला नाही. 1957 मध्ये लामाँट कोल याने सायन्स या नियतकालिकात एक टीप छापली. ब्राउनच्या सरासरी काढण्याच्या पद्धतीत त्याने यादृच्छिक आकड्यांचा तक्ता घातला, आणि त्या आकड्यांतूनही सुरेख दैनिक लय निघाली. शीर्षक होतं, एकशिंग्यातलं (युनिकॉर्नमधलं) जैविक घड्याळ. जो प्राणी अस्तित्वातच नाही त्याचंही घड्याळ सापडलं!

शंकासुर

वैज्ञानिक नियतकालिकात इतका टोकदार चिमटा मी दुसरा वाचला नाही.

बरं, केळीवाला, तुमच्या बादलीने ब्राउनचा वाद सुटेल असं वाटत असेल तर तेही होणार नाही, गंमत बघा. रेवदंडा आणि रावेर यांच्या रेखांशांत सुमारे तीन अंशांचा फरक. चंद्र दोन्ही गावांच्या माथ्यावरून जाण्यात बारा-तेरा मिनिटांचं अंतर. त्यात मुंबई-अलिबागकडे अमावास्या-पौर्णिमेला भरती दुपारी आणि रात्री बाराच्या आसपास येते, म्हणजे जवळजवळ चंद्र माथ्यावर किंवा पायाखाली असतानाच. न्यू हेवनला तसं नाही, तिथली भरती आणि एव्हन्स्टनचा चंद्र यांच्यात काही तासांचं अंतर पडतं, म्हणून तीन तासांचा फरक निघू शकला. तुमचे खेकडे रेवदंड्याच्या आठवणीवर चालोत की रावेरच्या चंद्रावर, दोन्ही वेळा अर्ध्या-पाऊण तासाच्या आत. तुमच्या कानाला तो फरक कळणार नाही.

केळीवाला

म्हणजे प्रयोगासाठी मी गावच चुकीचं निवडलं. बहिणीला कलकत्त्याकडे द्यायला हवी होती.

अलिबागची लेक

तिला विचारून बघा भाऊ, पुढच्या भाऊबीजेला ओवाळेल का ते.

तापीकाठ

प्रकाशा गावाहून लिहितोय. तापी पुढे सुरतेला समुद्राला मिळते. मग नदीतून भरतीचा काही संकेत आपल्यापर्यंत येत असेल का?

प्रयोगवही

नाही तापीकाठ, सुरतेतच सिंगणपूरच्या बंधाऱ्याला भरती अडते, आणि त्याच्या वर उकाई धरणाची भिंत. खांबातचं आखात मात्र बघून यावं असं. भावनगरकडे पाणी दहा मीटरच्या वर चढतं.

एक गोष्ट मात्र जमिनीखालून खरंच येते. आपण उभे आहोत ती जमीनही चंद्रसूर्याच्या ओढीने दिवसातून दोनदा काही दशांश मीटर वरखाली होते. सगळंच सोबत हलत असल्याने जाणवत नाही. खडकात बंदिस्त झालेल्या पाण्याच्या काही बोअरमध्ये पातळी त्यामुळे थोडी हलते, उपकरण लावलं तर दिसते. पण खेकडा ते ओळखतो असं म्हणायला आधार नाही. खेकड्याला वेळ लावणाऱ्या खुणा बऱ्याच ढोबळ आहेत: पाण्याचा दाब, तापमान, खारेपणातला बदल, आणि वाळूतल्या किड्यांसाठी लाटेचा नुसता हादरा. कॅलिफोर्नियाच्या वाळूतल्या एका छोट्या किड्याला एन्राइट यांनी प्रयोगशाळेत हिंदकळवूनच वेळ लावून दाखवली होती.

केळीवाला

ठरलं मग. जुना मोबाइल चार्जरला लावून खोलीत रात्रंदिवस आवाज रेकॉर्ड करतो. बादलीपासून हातभर लांब. मी ऐकणार नाही. मुलगी दर पंधरा मिनिटांच्या तुकड्यात खुडखुड किती वेळा झाली ते मोजून वहीत लिहील, आणि पंचांग तिच्या आजीच्या उशाखाली. मुलीला पाऊणकी येत नाही, ही शाळेची कृपा.

शंकासुर

हां, आता बोललात. खोलीत पाय टाकू नका. पाणी घालायचं तर रोज वेगवेगळ्या वेळी घाला, नाहीतर पाण्याची वेळच त्यांचं घड्याळ होईल.

धुळ्याचा गडी

मना एक सवाल शे. आमच्याकडे म्हणतात अमावास्येचा खेकडा भरलेला, पौर्णिमेचा पोकळ. हे पण घड्याळच का?

प्रयोगवही

पोकळपणाचं कारण कात. खेकडा कवच टाकतो तेव्हा अंगात पाणी भरून फुगतो, नवं कवच कडक होतं, मग आत मांस भरायला वेळ लागतो. नुकती कात टाकलेला खेकडा हातात हलका लागतो. विकत घेताना तिथी बघण्यापेक्षा हातात तोलून बघा.

पण चंद्राच्या महिन्यावर चालणारी घड्याळं खरोखर असतात. युरोपच्या किनाऱ्यावर क्लुनिओ नावाची चिलटासारखी माशी आहे. प्रौढ झाल्यावर तिला काही तासच आयुष्य. तेवढ्यात जोडीदार शोधायचा आणि अंडी घालायची, तीही अशा जागी जी फक्त उधाणाच्या ओहोटीलाच उघडी पडते. म्हणून तिला दोन गोष्टी जुळवाव्या लागतात, महिन्यातला दिवस आणि दिवसातला तास. वेगवेगळ्या गावांच्या किनाऱ्यावर ओहोटीची वेळ वेगळी, तर त्या त्या गावची माशी वेगळ्या वेळी निघते, आणि हा फरक आनुवंशिक आहे. प्रयोगशाळेत वाढवली तरी आजोळची वेळ सोडत नाही. 2016 मध्ये तिचा जीनोम वाचला गेला, तेव्हा वेळेतल्या या फरकाचा धागा एका विशिष्ट एन्झाइमच्या जनुकापर्यंत पोचला.

तापीकाठ

दैनिक घड्याळाला 2017 चं नोबेल मिळालं ना? मग भरतीचं घड्याळ तेच आहे, फक्त वेगळ्या काट्याचं?

प्रयोगवही

नेमका हाच आजचा वाद. नोबेल हॉल, रॉसबॅश आणि यंग यांना, फळमाशीच्या घड्याळासाठी. पिरियड नावाचं जनुक प्रथिन बनवतं, प्रथिन साठत जातं आणि शेवटी स्वतःच्याच जनुकाला गप्प करतं, मग प्रथिन मोडतं आणि पुन्हा सुरुवात. हा फेरा साधारण दिवसभराचा.

भरतीबद्दल जुन्यांच्यात दोन पक्ष. नेलर म्हणत, साडेबारा तासांचं एक वेगळं घड्याळ आहे. अमेरिकेतले जॉन पामर म्हणत, प्रत्येकी 24.8 तासांची दोन घड्याळं आहेत, एकमेकांच्या उलट टोकाला बांधलेली, म्हणून दिवसातून दोनदा टोला पडतो. पामर यांचा आधार असा, की कधीकधी खेकड्याच्या हालचालीचं एक टोक सरकतं किंवा फाटतं आणि दुसरं जागेवरच राहतं.

2013 मध्ये ब्रिटनमधल्या युरिडिसी या वाळूतल्या ठिपकेदार किड्यावर मोठं काम झालं. किडा मोठा सोयीचा, कारण दोन्ही घड्याळं त्याच्या अंगावर वेगवेगळी वाचता येतात. भरतीला पोहतो, ती साडेबारा तासांची लय. आणि कातडीवरचे रंगाचे ठिपके दिवसा पसरतात, रात्री आकसतात, ती चोवीस तासांची. संशोधकांनी पिरियड जनुक दाबलं. ठिपक्यांची लय बिघडली, पोहणं वेळेवर चालू. मग एका विशिष्ट एन्झाइमला अडवणारं औषध दिलं, तर दोन्ही घड्याळं मंदावली. त्याच्या आदल्या वर्षी जपानमध्ये खारफुटीतल्या रातकिड्यावरही पिरियड दाबून पाहिलं होतं, भरतीची लय टिकली. आणि 2023 मध्ये पार्हायली नावाच्या छोट्या कवचधारी प्राण्यातून दैनिक घड्याळाचं दुसरं एक जनुक, बीमॅल1, काढून टाकलं, तर भरतीची लयच गेली.

केळीवाला

शेतकऱ्याच्या भाषेत सांगू का सर? विहिरीवरची मोटार वेगळी, बोअरची वेगळी. पण आतले काही सुटे भाग एकाच दुकानातले. एक भाग काढला तर एकच बंद पडते, दुसरा काढला तर दोन्ही.

प्रयोगवही

वर्गात हेच सांगणार आहे आता, तुमचं नाव न घेता.

शंकासुर

नऊ दिवस झाले. वही कुठाय?

केळीवाला

आणली. आधी वाईट बातमी, दोन खेकडे गेले. उरले नऊ.

त्रयोदशीपासून मोजणी. आजीच्या उशाखालचं पंचांग आज काढलं आणि ताईंच्या पाऊणकीने ओहोटी शेजारी लिहिली. त्रयोदशीची रात्र: सर्वांत जास्त खुडखुड चार वाजून दहा मिनिटांच्या आसपास, हिशोबाने ओहोटी चारला. चतुर्दशी: चार-चाळीस, हिशोब पावणेपाच. पौर्णिमा: पावणेसहा, हिशोब साडेपाच. प्रतिपदा: सव्वासहाच्या आसपास, पण टेकडीसारखी नाही, पठारासारखी. तिथी पुन्हा एकपासून, म्हणून हिशोब सातचा. त्यापुढे सगळी रात्र थोडी थोडी खुडखुड, टोकच नाही. सप्तमीपर्यंत मुलगी कंटाळली आणि शेवटच्या पानावर खेकड्याचं चित्र काढलं.

शंकासुर

चार रात्री बऱ्या बसल्या, हे मान्य. पण पौर्णिमा आणि प्रतिपदेची टोकं बघा, पावणेसहा आणि सव्वासहा. ही उजाडायची वेळ आहे! चिमण्या, दुधाची मोटारसायकल, पहाटेचा गारवा. खोलीला खिडकी नाही, पण दाराला फट असेलच. तुमचे खेकडे पहाटेला जागे होत नव्हते कशावरून?

केळीवाला

फट आहे. गोणपाट लावायचं सुचलं नाही. मोबाइलवर कोंबडाही ऐकू येतो, मुलीने आधी त्यालाच खेकडा म्हणून मोजलं होतं.

प्रयोगवही

एक काम करा भाऊ. रात्रीचं सोडा, दिवसाचं बघा. घड्याळ भरतीचं असेल तर दिवसातून दोन टोकं यायला हवीत, साडेबारा तासांच्या अंतराने. पहाटेचा गारवा दुपारी चारला पडत नाही.

केळीवाला

मुलीला बसवलं पुन्हा, दहा रुपये तासाने. त्रयोदशीला दुपारी साडेतीन ते सव्वाचार, रात्रीच्या टोकाच्या साधारण बारा तास आधी. चतुर्दशीला संध्याकाळी साडेचारच्या पुढे, पाचपर्यंत. टोकं लहान आहेत, रात्रीच्या निम्मी, पण आहेत. पौर्णिमेला संध्याकाळी शेजारच्या शेतात रोटाव्हेटर चालू होता, काही कळत नाही.

शंकासुर

दोन दुपारी. बरं. पुढच्या वेळी दाराला गोणपाट, खेकडे वेगवेगळ्या डब्यांत, आणि निम्मे डबे आधी गारठ्यात ठेवून बघा. तोपर्यंत मी ‘कदाचित’ म्हणतो. माझ्याकडून एवढं कुणी सहसा मिळवत नाही.

भरीतप्रेमी

आणि आता उरलेल्या नऊंचं काय?

तापीकाठ

तापीत सोडा, खूश होतील.

अलिबागची लेक

अजिबात नको! खाऱ्या-मचूळ पाण्यातले जीव ते, गोड्या पाण्यात तडफडून जातील. जिथून आणले तिथेच पोचवा. कुणी जाणारं आहे का बघा.

केळीवाला

दाजी लग्नाला जळगावला आले होते, त्यांच्यासोबत पाठवले. आज त्यांचा निरोप आला. खाडीकाठी डबा उपडा केला तेव्हा पाणी चढत होतं. नऊच्या नऊ मिनिटभर जागेवरच थांबले, मग मिळेल त्या बिळात घुसले. एका बिळातून मूळ मालकाने बाहेर हाकललं, तो शेजारच्यात गेला. मुलगी विचारतेय, त्यांना परत पाऊणकी जमायला किती दिवस लागतील.